हापूस थेट ग्राहकाच्या घरी: आंबा बागायतदारांनी संकेतस्थळ आणि ऑनलाइन विक्री कशी उभारावी

कोकणातला हापूस ग्राहकापर्यंत पोहोचण्याची जुनी वाट नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजारातून जाते. बागायतदार पेट्या भरून पाठवतो, भाव तिकडे ठरतो आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, हातात आल्यावरच आपला आंबा कोणत्या दराने गेला हे त्याला कळते. ही वाट मोडीत काढावी असे मी कोणालाही सुचवणार नाही, कारण हंगामाच्या भरात एका दिवसात निघणारा सगळा माल थेट ग्राहकांना विकणे लहान बागायतदाराला शक्य नसते. मात्र बागेतला निवडक आंबा, मग तो एकूण उत्पादनाच्या पाव हिस्सा का असेना, पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना स्वतःच्या नावाने विकता आला तर वर्षाचा हिशेब पुष्कळ बदलतो. शे-दोनशे कलमे असलेल्या आणि घरातल्याच दोन-तीन माणसांच्या बळावर हे काम करू पाहणाऱ्या बागायतदारांसाठी हे मार्गदर्शन आहे.

कामाची सुरुवात मार्चमध्ये करू नये. पेट्या भरण्याच्या धांदलीत संकेतस्थळ उभे राहत नाही, आणि राहिले तरी गूगलला नव्या संकेतस्थळाची नोंद घेऊन ते शोधात दाखवायला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. गणपती आटोपल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ यासाठी सर्वांत सोयीचा असतो. झाडांना मोहोर दिसू लागेल तेव्हा संकेतस्थळ चालू असावे, म्हणजे मोहोराचे, कणीचे (नुकत्या धरलेल्या बारीक फळांचे) आणि फळ धरल्याचे फोटो त्या-त्या वेळी त्यावर चढवता येतात आणि ग्राहकाला ही बाग खरोखर अस्तित्वात आहे हे दिसते.

ग्राहकाच्या मनात काय आहे, ते आधी लिहून काढा

संकेतस्थळ कसे दिसावे, रंग कोणते असावेत, बोधचिन्ह कोणाकडून करून घ्यावे, या चर्चेत बहुतेकांचे पहिले दोन महिने जातात. त्याऐवजी वहीचे एक पान घ्यावे आणि गेल्या हंगामात ग्राहकांनी फोनवर विचारलेले प्रश्न जसेच्या तसे लिहून काढावेत. ते प्रश्न पाहिले की लक्षात येते, की लोकांना मुख्यतः तीन गोष्टींची धास्ती असते. आंबा खरोखर तुम्ही सांगता त्याच गावचा आहे का, तो कसा पिकवला आहे, आणि पैसे आगाऊ दिल्यावर पेटीत खराब फळ निघाले तर पुढे काय. तुमच्या संकेतस्थळाचे सारे काम या तीन शंकांना सरळ, स्पष्ट आणि पडताळता येणारी उत्तरे देणे हेच आहे.

पहिल्या शंकेला कारण आहे. कर्नाटकातून येणारा आंबा देवगड किंवा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो, हे शहरातल्या ग्राहकालाही आता माहीत झाले आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाच्या मालाची अधिकृत ओळख, मिळाले. परंतु जिल्ह्याला मानांकन मिळाले म्हणजे त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक विक्रेत्याला मानांकनाचे चिन्ह आपोआप लावता येते असे नाही. त्यासाठी बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती केली असेल तर प्रमाणपत्राचा फोटो संकेतस्थळावर ठळकपणे द्यावा, आणि केली नसेल तर ते चिन्ह वापरू नये. देवगड तालुक्यातील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर लावण्याची व्यवस्था सुरू केली. तुम्ही ते वापरत असाल, तर तो क्रमांक ग्राहकाने कसा तपासायचा हे दोन वाक्यांत समजावून सांगावे. याखेरीज गावाचे आणि वाडीचे नाव, कलमे किती, त्यांचे वय काय, बाग कोणत्या पिढीने लावली, असा तपशील द्यावा. बागेत उभे राहून फोनवर काढलेली एका मिनिटाची चित्रफीत येथे पुष्कळ काम करते, कारण असा खरा तपशील दुसऱ्याला सहज उचलता येत नाही.

दुसरी शंका पिकवण्याची. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास आपल्या देशात बंदी आहे, त्यामुळे ‘आम्ही कार्बाइड वापरत नाही’ एवढेच सांगणे म्हणजे कायदा पाळतो असे सांगणे झाले. तुम्ही काय करता ते सांगा. फळ किती तयार झाल्यावर काढता, देठासह काढता का, पेंढ्यात अढी किती दिवस ठेवता, पेटी ग्राहकाकडे पोहोचेल तेव्हा फळ पिकलेले असेल की आणखी चार-पाच दिवस घरी ठेवावे लागेल, आणि घरी आंबे नेमके कसे ठेवावेत. शेवटच्या मुद्द्यावर वेगळे छोटे पान लिहावे, असा माझा आग्रह आहे. आंबा हिरवा आला म्हणून रागावलेले किंवा पेटी आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवून बसलेले ग्राहक दर हंगामात भेटतात, आणि त्यातल्या बहुतेकांना कोणी आधी नीट सांगितलेलेच नसते.

तिसऱ्या शंकेचे नाव साका. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट निघतो. बाहेरून तो ओळखता येत नाही, त्यामुळे कितीही काळजी घेतली तरी एखादे फळ तसे जाणारच. पुष्कळ विक्रेते ही गोष्ट लपवतात आणि तक्रार आली की वाद घालतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. साका म्हणजे काय, तो का दिसत नाही, आणि तसे फळ निघाल्यास तुम्ही काय कराल, हे संकेतस्थळावर आधीच लिहून ठेवावे: कापलेल्या फळाचा फोटो इतक्या दिवसांत पाठवा, तितक्या फळांची किंमत परत देऊ किंवा पुढच्या पेटीत भरपाई करू. हे पान ज्याने आगाऊ वाचले आहे तो ग्राहक साका निघाला तरी बहुधा शांतपणे फोटो पाठवतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागणीही नोंदवतो.

नाव आणि पत्ता तुमच्याच मालकीचा असू द्या

एवढे सगळे इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या पानावर लिहिले तर वेगळे संकेतस्थळ कशाला, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या अनुभवातच आहे. जून २०२०च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि त्यावर मेहनतीने जमवलेले प्रेक्षक लहान विक्रेत्यांच्या हातून एका रात्रीत गेले. गूगल आपल्या व्यवसाय नोंदणीबरोबर लहान व्यावसायिकांना फुकट संकेतस्थळ बनवून देत असे. ती सर्व संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. दुसऱ्याच्या जागेवर दुकान जरूर मांडावे, पण पेटीवर, बिलावर आणि ग्राहकाच्या डोक्यात जो पत्ता राहायचा तो आपला असावा.

पत्ता म्हणजे डोमेन नाव. ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ यांपैकी जे मिळेल ते घ्यावे; वर्षाचा खर्च सहसा हजार रुपयांच्या आत-बाहेर असतो. देवनागरीतले ‘डॉट भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे आणि ते जोडीला घ्यायला हरकत नाही, पण मुख्य पत्ता रोमन लिपीतलाच ठेवणे सध्या व्यवहार्य ठरते, कारण अनेक ग्राहकांच्या फोनवर पत्ता टाइप करताना लिपी बदलणे गैरसोयीचे असते. नाव असे असावे की फोनवर एकदा सांगितले तर ऐकणाऱ्याला बिनचूक लिहिता येईल. ‘देवगड’, ‘हापूस’ आणि ‘फार्म’ हे तीन शब्द जुळवून केलेली नावे इतकी झाली आहेत, की ग्राहकाला त्यांतला फरक आठवत नाही. वाडीचे, बागेच्या जागेचे किंवा घराण्याचे नाव अधिक टिकते.

डोमेन कोणाच्या नावावर घेतले आहे याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. संकेतस्थळ करून देणारा मुलगा गावातलाच असतो, विश्वासाचा असतो, आणि सोयीसाठी स्वतःच्या ईमेलवरून डोमेन विकत घेतो. तीन वर्षांनी तो बंगळुरूला नोकरीला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येऊन पडते आणि ऐन एप्रिलमध्ये संकेतस्थळ बंद पडते. असे घडलेले मी जवळून पाहिले आहे. त्यात कोणाचीही लबाडी नव्हती, पण हंगाम गेला तो गेलाच. म्हणून डोमेनचे खाते तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल क्रमांकावर आणि तुमच्या पैशाने उघडावे, पासवर्ड घरातल्या दोघांना ठाऊक असावा, आणि नूतनीकरण एकदम तीन ते पाच वर्षांचे करून टाकावे.

पानावर काय आणि कसे लिहावे

सुरुवातीला दहा पानांचे संकेतस्थळ नको. पहिले पान, भाव आणि मागणी, बाग आणि पिकवण्याची पद्धत, तक्रार आणि भरपाई, आणि संपर्क, एवढे पुरे.

भाव उघड लिहावा. ‘भावासाठी फोन करा’ या ओळीमागे बागायतदाराचा हेतू चांगला असतो, कारण भाव आठवड्याला बदलतो. पण ती ओळ पाहून शहरातला ग्राहक पुढच्या विक्रेत्याकडे वळतो. त्यापेक्षा ‘हा भाव अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असे लिहावे आणि दर आठवड्याला तो बदलावा. नुसते डझन सांगू नये, कारण चार डझनांच्या आणि सहा डझनांच्या पेटीतल्या फळाचा आकार वेगळा असतो. एका फळाचे वजन किती ग्रॅमपासून किती ग्रॅमपर्यंत, पेटीत फळे किती, घरपोच खर्च भावात धरला आहे की वेगळा, पुण्यात कोणत्या वारी आणि ठाण्यात कोणत्या वारी पेट्या पोहोचतात, हे सारे भावाच्या शेजारीच असावे.

मराठी मजकुराबाबत एक तांत्रिक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे पत्रके आणि पेट्यांवरचा मजकूर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये करून घेतला जातो. तोच मजकूर संकेतस्थळावर चिकटवला तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात, म्हणून मग त्याचे चित्र करून चढवले जाते. चित्रातला मजकूर ग्राहकाला कॉपी करता येत नाही, लहान पडद्यावर वाचता येत नाही आणि शोधयंत्राच्या हिशेबी त्याचा भरवसा नसतो. संकेतस्थळावरचा प्रत्येक शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर बरोबर दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप केलेला असावा. फोनवरचा मराठी कीबोर्ड युनिकोडच वापरतो, त्यामुळे मजकूर फोनवर लिहून पाठवला तरी चालतो.

लोक शोधताना काय टाइप करतात याचाही विचार करावा. कोणी ‘हापूस आंबा पुणे घरपोच’ असे देवनागरीत लिहितो, कोणी तेच रोमन अक्षरांत लिहितो, आणि अमराठी ग्राहक ‘अल्फान्सो’ शोधतो. म्हणून मराठी आणि इंग्रजी अशी दोन वेगळी पाने करावीत, आणि पानाच्या शीर्षकात गावाचे नाव, फळाचे नाव आणि तुम्ही जेथे पोहोचवता त्या शहराचे नाव नैसर्गिकपणे यावे. एकच शब्द वीस वेळा लिहिल्याने काही साधत नाही. गूगल ट्रेंड्स या फुकट साधनावर कोणता शब्द कोणत्या महिन्यात अधिक शोधला जातो, हे पाहून ठेवावे.

फोटो बागेतलेच असावेत, पण फोनमधून निघणारा चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नये. दोनशे केबीच्या आसपास आणला तरी पडद्यावर तो चांगलाच दिसतो, आणि पान लोकलच्या गर्दीत, अर्धवट नेटवर्कवरही उघडते. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साधनात पत्ता टाकला की पान कशामुळे रेंगाळते ते कळते. संकेतस्थळाचा पत्ता ‘https’ने सुरू होणारा, म्हणजे सुरक्षित जोडणीचा, असलाच पाहिजे. त्याचे प्रमाणपत्र बहुतेक होस्टिंग सेवा, म्हणजे संकेतस्थळाला इंटरनेटवर जागा देणाऱ्या कंपन्या, फुकट देतात, त्यामुळे कोणी त्यासाठी वेगळे पैसे मागितल्यास कारण विचारावे.

कायद्याची बाजूही येथेच पूर्ण करावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण करणाऱ्या व्यक्तीचे नाव संकेतस्थळावर द्यावे लागते, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तिचे निवारण एका महिन्यात करावे लागते. घरचा बागायतदार स्वतःच ती व्यक्ती असू शकतो. आंब्याच्या जोडीला आमरस, आंबापोळी, लोणचे किंवा कोकम आगळ विकणार असाल, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक घेऊन तो वेष्टनावर आणि संकेतस्थळावर लिहावा. वस्तू व सेवा कराची बाब ताज्या फळाला आणि प्रक्रिया केलेल्या मालाला वेगळी लागू होते, तेव्हा ती हंगामापूर्वीच आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावी.

गूगलच्या नकाशावरची नोंद

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि संकेतस्थळाइतकेच उपयोगी आहे. बागेचे नाव, योग्य वर्ग, फोन, वेळ आणि संकेतस्थळाचा पत्ता तेथे भरावा. वाडीत घर क्रमांक आणि रस्त्याचे नाव नसल्याने अडचण येत असेल तर गूगल नकाशावर आपल्या जागेचा प्लस कोड, म्हणजे पत्त्याऐवजी चालणारा अक्षरे-अंकांचा छोटा संकेत, काढून तो वापरावा. पडताळणीसाठी अनेकदा जागेची चित्रफीत मागितली जाते. त्यात रस्ता, बागेचे फाटक, नावाची पाटी आणि पेट्या भरण्याची जागा सलग दिसेल असे चित्रण करावे, त्यासाठी पाटी आधी लावून घ्यावी.

अभिप्राय मागायला संकोचू नये. पेटी पोहोचून आठ-दहा दिवस झाले, आंबे खाऊन झाले, की ग्राहकाला अभिप्रायाची लिंक पाठवावी. नातेवाइकांकडून किंवा पैसे देऊन अभिप्राय लिहून घेणे चुकीचे आहे, आणि ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही काढले आहे. वाईट अभिप्राय आला तर त्याखाली शांतपणे उत्तर द्यावे: काय घडले, तुम्ही काय केले. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे येणाऱ्या पन्नास ग्राहकांसाठी असते.

व्हॉट्सॲप: खरी विक्री येथे होते

संकेतस्थळ विश्वास निर्माण करते, पण मागणी नोंदवताना आपला ग्राहक बहुधा व्हॉट्सॲपवरच येतो. म्हणून संकेतस्थळावरच्या खरेदी-टोपलीपेक्षा ‘व्हॉट्सॲपवर मागणी नोंदवा’ हे बटण पहिल्या वर्षी अधिक उपयोगी पडते. त्यासाठी घरगुती क्रमांकापासून वेगळा क्रमांक घ्यावा आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस हे व्यवसायासाठीचे ॲप बसवावे. कॅटलॉगमध्ये प्रत्येक आकाराची पेटी भावासह नोंदवावी. ‘नवी मागणी’, ‘पैसे आले’, ‘पेटी रवाना’, ‘पोहोचली’, ‘तक्रार’ अशी लेबले प्रत्येक संवादाला लावत गेल्यास रात्री अकरा वाजता वही शोधावी लागत नाही. वारंवार लिहावी लागणारी उत्तरे, म्हणजे भाव, खाते क्रमांक, पेटी पोहोचण्याचे वार, एकदाच तयार करून ठेवता येतात.

एकच संदेश अनेकांना एकदम पाठवण्याच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ क्रमांक बसतात आणि तुमचा क्रमांक ज्याने आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. त्यामुळे पहिल्याच मागणीच्या वेळी ‘हा क्रमांक बागेच्या नावाने साठवून ठेवा’ अशी विनंती करावी. न विचारता कोणाचेही क्रमांक यादीत घालू नयेत. सोसायटीच्या गटातून उचललेल्या क्रमांकांवर जाहिराती पाठवल्या की लोक तक्रार नोंदवतात आणि क्रमांक बंद होण्याची वेळ येते. राज्य कृषी पणन मंडळाच्या पुण्यातल्या आंबा महोत्सवात गाळा घेत असाल, तर तेथे वही ठेवून, पुढच्या वर्षी कळवू का असे विचारून क्रमांक लिहून घ्यावेत. अशी दोनशे माणसांची यादी विकत घेतलेल्या दोन हजार क्रमांकांपेक्षा मोलाची असते. ती यादी फोनबाहेर, वेगळ्या तक्त्यातही उतरवून ठेवावी.

पैशांबाबत घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट पाठ करून द्यावी: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. मोठी मागणी नोंदवतो, क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील, असे सांगणारा माणूस फसवणाराच असतो. ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबून पेटी पाठवू नये, बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्यावरच पाठवावी. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

जाहिरातीवर खर्च केव्हा करावा

वरचे सगळे उभे राहीपर्यंत जाहिरातीवर रुपयाही घालू नये, कारण जाहिरात फक्त माणूस दारापर्यंत आणते. त्यानंतर फेसबुक-इन्स्टाग्रामवर दिवसाला दोनशे-तीनशे रुपयांनी आठवडाभर प्रयोग करावा. जाहिरात साऱ्या महाराष्ट्राला दाखवू नये. तुमची गाडी ज्या भागात जाते तेवढाच भाग निवडावा, म्हणजे कोथरूड-कर्वेनगरला पेट्या जात असतील तर तेवढाच. आवड, वय वगैरे बाबींत फार शिरण्याची गरज नाही. आठवड्याअखेर किती लोकांनी जाहिरात पाहिली हा आकडा बाजूला ठेवावा आणि खर्च भागिले विकलेल्या पेट्या एवढा एकच हिशेब करावा. पेटीमागे दोनशे रुपये पडत असतील आणि तेवढा वाव भावात नसेल, तर जाहिरात थांबवून जुन्या ग्राहकांना फोन करावेत. हा हिशेब जमावा म्हणून प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कोठून कळले’ असे विचारून उत्तर तक्त्यात लिहावे. लहान व्यवसायाला याहून गुंतागुंतीच्या मोजणीची पहिली दोन वर्षे तरी गरज पडत नाही. गूगल सर्च कन्सोलवर संकेतस्थळाची नोंद मात्र पहिल्याच दिवशी करावी, कारण लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते तेथे फुकट दिसते.

पाऊस सुरू झाला आणि शेवटची पेटी गेली, की संकेतस्थळ तसेच सोडून देऊ नये. ‘या वर्षीचा हंगाम संपला, पुढील हंगामासाठी नाव नोंदवा’ अशी पाटी पहिल्या पानावर लावावी आणि जुने भाव काढून टाकावेत. तक्रारींचे लेबल उघडून एकेक संवाद पुन्हा वाचावा आणि जो प्रश्न पाचहून अधिक जणांनी विचारला असेल त्याचे उत्तर संबंधित पानावर लिहून टाकावे. ग्राहकांच्या यादीची आणि संकेतस्थळाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, आणि डोमेनच्या मुदतीची तारीख घरातल्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवावी.